आमचा अल्फा

खंडू घरात आला तेव्हा दीड महिन्याचा होता आणि त्याला एकच काम येत होतं : झोपणं. पार्किंगमधल्या बंद पडलेल्या स्कूटरखाली सापडलेलं ते पिल्लू दिवसाचे अठरा-अठरा तास झोपायचं. मला वाटलं, आजारी आहे. डॉक्टर म्हणाले, "पिल्लं झोपतातच एवढी. झोपू द्या." या एका सल्ल्याचे मी पैसे मोजले. बाकीचे सगळे फुकट मिळाले आणि तेच महागात पडले.

पहिला तळमजल्यावरच्या काकांचा. काकांनी आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही, पण मोबाइलवर पुष्कळ पाहिलेत. "अल्फा व्हा," ते म्हणाले. "कुत्रा म्हणजे लांडगाच. त्याला म्होरक्या लागतो. आधी तुम्ही जेवायचं, मग तो. दारातून आधी तुम्ही, मग तो. उंच जागेवर बसू द्यायचं नाही." मी लगेच तयार झालो. बावीस वर्षांच्या संसारात म्होरकेपण मला पहिल्यांदाच कुणीतरी देऊ करत होतं.

पहिल्याच रात्री आईने पाहिलं की, खंडू वाटीकडे बघत बसलाय आणि मी ताटावर. "मुक्या जनावराला ताटकळत ठेवून गिळतोस?" ती म्हणाली. "आपल्याकडे गायीचा घास आणि कुत्र्याचा चतकोर आधी काढायची रीत आहे." संपलं. दारातून आधी जाणंही जमलं नाही, कारण मी चपला शोधेपर्यंत खंडू खाली पोचलेला असतो. उंच जागेचं म्हणाल, तर तो सोफ्यावर असतो आणि मी सतरंजीवर, कारण सोफ्यावर खंडू असतो.

मग हा अल्फा आला कुठून, ते शोधायला बसलो. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने 1947 साली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, आणि तिथून ही वरचढपणाची गोष्ट सुटली. कोंडलेल्यांची भांडणं बघून स्वभाव ठरवायचा, तर आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा बघून माणूस हा प्राणी पार्किंगसाठी जगतो असं कुणीही लिहील. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे अल्फा आणखी पसरला. पुढे याच डेव्हिड मीच यांनी एल्समिअर बेटावरचे मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि 1999 साली लिहिलं की, जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते स्वतः प्रकाशकाच्या मागे लागले. (मराठीत ही सोय प्रकाशक न सांगता करतात.) म्हणजे अल्फा शेवटी निघाला नुसता बाप. ते पद या घरात माझ्याकडे आधीपासून आहे. त्याला काय मान असतो, ते मला कुणी सांगायला नको.

अल्फापद गेल्यावर मी शिक्षकी पेशात शिरलो. धडा पहिला : 'बस.' चण्याएवढा पनीरचा तुकडा नाकाजवळ धरायचा, हात हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर गेली की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं, त्याच क्षणी तुकडा. मिनिटभराने दिला तर कशाबद्दल मिळाला, ते त्याला कळत नाही. दोन दिवसांत खंडू शिकला. तेव्हा लक्षात आलं की, आमच्या घरात हा शब्द दिवसभर चालूच असतो. "बस चुकली" म्हटलं की खंडू बसतो. आई फोनवर "बस झालं बाई आता" म्हणते, खंडू बसतो. मी स्वतः "बस, बस, अरे बस ना" असं पाचदा म्हणतो, त्यामुळे माझ्यापुरता तो पाचव्याला बसायचं शिकलाय. 'ये'चं तर विचारूच नका. "स्वयंपाकघरात येऊ नकोस" यातलं त्याला फक्त 'ये' ऐकू येतं, आणि तो आनंदाने येतो.

घरात शू केली की त्यात नाक घासा, हा सल्ला तिघांनी दिला. घासलं. खंडू त्यातून एवढंच शिकला की, या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे; तेव्हापासून सोफ्यामागे. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर उचलून बाहेर न्यायचं, तिथे केली की शाबासकी द्यायची, हा उपाय कुणीच सांगितला नव्हता. त्यात सांगणाऱ्याला मजा नसते.

गोचिडांसाठी लसूण चारा, असंही एकांनी सुचवलं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे डॉक्टरांकडून कळलं म्हणून वाचलो. सत्यनारायणाच्या प्रसादाचं मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. शेजारच्या काकू द्रोण घेऊन खंडूसमोर वाकल्या आणि मी आडवा पडलो. देवाच्या प्रसादाला नाही म्हणणारा माणूस, म्हणून आता माझी जिन्यात ओळख आहे.

गेल्या रविवारी फ्रिजवर ठेवलेलं डार्क चॉकलेट नाहीसं झालं. चांदी सोफ्याखाली. खंडू सोफ्यावर. मी ओरडलो, "तू खाल्लंस?" कान मागे, शेपूट पायांत, नजर भिंतीकडे. सगळा कबुलीजबाब. चॉकलेटातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं आणि गडद चॉकलेटात ते जास्त असतं, म्हणून तसंच त्याला उचललं आणि रिक्षा केली. अर्ध्या वाटेत चिरंजीवांचा फोन : "बाबा, चॉकलेट मी खाल्लं. दुसरं आणणार का?"

अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अभ्यासिकेने 14 कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं आणि 2009 साली छापलं. कुत्र्याचा अपराधी चेहरा त्याने काय केलं यावर नसतो. मालक रागावला की तो येतो. उलट, काही न करता बोलणी खाणाऱ्यांचा चेहरा जास्तच पडतो. चिरंजीवांचे कान घरी पोचल्यावरही जागच्या जागी होते.

रिक्षातून उतरलो, तर फाटकाशी काका. खंडूची शेपूट अजून पायांत होती. "आला ना धाकात!" काका खूश झाले. "मी म्हटलं नव्हतं? एकदा अल्फा झालात की..."

"काका, बस करा आता," मी म्हणालो.

खंडू ताबडतोब बसला. काकांनी माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं की, मी खिशातला पनीरचा तुकडा काढून खंडूला दिला.