चेंडूचं हाफ तिकीट

लहान मुलांना पेन्सिल धरायला, शर्टाची बटणं लावायला, कात्री चालवायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, यावर आमच्या घरात अजून कुणाचाही विश्वास बसलेला नाही. दुधाची पिशवी कापायचं काम बायकोनं माझ्याकडून केव्हाच काढून घेतलं. सुईत दोरा ओवायचा असला की ती शेजारच्या आजींना हाक मारते, ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. नागपूरच्या मेडिकलमधून मिळवलेली माझी पदवी मात्र भिंतीवर आहे. तिरकी आहे, कारण खिळा मी ठोकला.

या विद्येला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं ते कमला निंबकर यांनी. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, एलिझाबेथ लुंडी. निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. साता समुद्रापलीकडून येऊन त्या रुळल्या आणि मी नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात येऊन अजून रुळतोच आहे. पुढे 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, त्यात अध्ययन अक्षमताही आली, आणि ‘आळशी’, ‘ढ’ म्हणून ज्यांच्या वह्या भिरकावल्या जायच्या त्या पोरांकडे नीट बघायची सोय झाली. बघायला मला पाठवलं, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

जिल्ह्यात तालुके सात आणि माझं वाहन म्हणजे बस. पवनीकडच्या एका शाळेत जाताना मी 65 सेंटीमीटर व्यासाचा थेरपीचा चेंडू सोबत घेतला. त्यावर पोराला पालथं टाकून हातांवर पुढे चालवलं की खांदे बळकट होतात, आणि खांदा पक्का झाल्याशिवाय बोटं ताब्यात येत नाहीत. चेंडू शाळेत पोचल्यावर फुगवायचा असतो. पण हवेचा पंप कसा चालतो ते बघायला मी आदल्या रात्री तो उघडला होता आणि सकाळपर्यंत काही तो पुन्हा जुळला नव्हता, म्हणून सायकलच्या दुकानात हवा भरून, चेंडू कवेत घेऊन, समोरचं काहीही दिसत नसताना मी भर गर्दीच्या बसमध्ये चढलो. ‘‘याचं हाफ लागते जी,’’ चेंडूपलीकडून कंडक्टर म्हणाला. वाद घालायला मी हात उचलला, नेमकं अड्याळच्या अलीकडे वळण आलं, आणि चेंडू एका आजीच्या मांडीवरून, कोंबड्यांच्या टोपलीवरून, बोर्डाच्या परीक्षेला निघाल्यासारखा चेहरा केलेल्या एका नवरदेवाच्या फेट्यावरून थेट ड्रायव्हरच्या मानेपर्यंत जाऊन आला. पवनी येईपर्यंत मला कुणी बसू दिलं नाही. चेंडूला खिडकीची जागा मिळाली.

शाळेत एक पोरगं जागेवर ठरत नव्हतं. अशा पोरांना ओढण्या-ढकलण्याचं जड काम दिलं की स्नायू-सांध्यांना हवा तो ताण मिळतो आणि डोकं जरा थाऱ्यावर येतं. मी त्याला भिंत ढकलायला लावली. त्याचं बघून दुसरीचा अख्खा वर्ग भिंतीला भिडला, मग मीही भिडलो, ‘‘अजून जोरात!’’ म्हणून ओरडू लागलो, तोच मुख्याध्यापक धावत आले. ‘‘सर, ती खोली निर्लेखनात आहे, पाडायची आहे!’’ पोरगं खरंच शांत झालं होतं. मुख्याध्यापकांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या एकाचं अक्षर काही केल्या ओळीत राहीना. मी त्याची पकड तपासली, मनगट तपासलं, खांदा तपासला, ठोकळे रचायला दिले, मणी ओवायला दिले (सांडले माझ्या हातून, वेचले त्यानं), आणि पानभर टिपण केलं. पोषण आहाराची खिचडी ढवळता ढवळता स्वयंपाकाच्या काकू हा सगळा तमाशा बघत होत्या. ‘‘सरजी, पोट्ट्याचे पाय लोंबून राह्यले ना. खाली इटा ठेवा.’’ बाक मोठ्या वर्गाचा, पोरगं दुसरीतलं. विटा ठेवल्या, तळवे टेकले, पाठ सरळ झाली आणि त्याचा ‘क’ पहिल्यांदाच ओळीवर बसला. बसणं आधी, लिहिणं नंतर, हे माझ्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे. काकू तिसरीपर्यंत शिकल्या आहेत.

मग जुलै आला, धानाची रोवणी आली. त्याच पोराच्या आईला भेटायला मी रविवारी बांधीवर गेलो. बाया ओळीनं वाकलेल्या; डाव्या हातात पऱ्यांची, म्हणजे रोपांची पेंडी, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मिळून तीन-चार परे सोडवायचे, चिखलात खोचायचे आणि मागं सरकायचं. बांधावर उभा मी हरखलोच. अंगठा आणि दोन बोटं, ही तर पेन्सिलची पकड! ही आनंदाची बातमी त्यांना प्रत्यक्ष द्यावी म्हणून पँट दुमडून मी बांधीत उतरलो, पहिला पाय रुतला म्हणून दुसरा टाकला, दुसरा निघेना म्हणून पहिला उपसला, तेवढ्यात मागं सरकायची वेळ आली आणि मी बसूनच सरकलो. माझी ओळ वैनगंगेच्या वळणांनी गेली आणि रोवलेले परे माझ्या डोळ्यांदेखत पाण्यावर तरंगू लागले. बांधावरून पोरगं खाली उतरलं, माझा हात धरला आणि बोटं नीट बसवत म्हणालं, ‘‘घाई नोका करू सर, अंगठा असा ठेवा.’’ हे वाक्य मी त्याला महिनाभर ऐकवत होतो. त्याच्या आईनं एक शब्दही न बोलता माझी ओळ उपटली आणि पुन्हा रोवली.

महिन्याच्या अहवालात ‘पालकांचा अभिप्राय’ असा एक रकाना असतो. आईनं सांगितलं, गुरुजींनी लिहून घेतलं, तिनं खाली सही केली: ‘पोरगा पहिलेपासूनच हुशार आहे. सर बी आता सुधरून राह्यले.’