कुणाकडे किती तापलं!

अहो, ऐकलंत का? परवा आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर अस्सं जुंपलं म्हणता! लंडनच्या वन्सं एकीकडे, कॅनडातल्या विनिपेगचे भावजी दुसरीकडे. वाद कसला, तर थंडी कुणाकडे जास्त. भावजी म्हणाले, जानेवारीत उणे तीससुद्धा बघतो आम्ही. वन्संनी लगेच नाक मुरडलं, "असणारच! तुम्ही त्या तिकडे उत्तरेच्या टोकाला." तेवढ्यात आमच्या नातवानं ॲटलास आणून पुढ्यात आपटला. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आणि विनिपेग पन्नासच्याही जरा खालीच! म्हणजे उत्तरेला कोण, तर वन्संच. चेहरा बघायला हवा होतात त्यांचा. "नेट जातंय गं" म्हणत कॅमेराच बंद केला.

आता बघा, विनिपेगची जानेवारीची सरासरी उणे सोळाच्या आसपास आणि लंडनची चांगली पाच-सहा. सूर्य दोघांनाही तितकाच तिरपा. पण लंडनला शेजार कुणाचा? अटलांटिकचा! त्यात तो उबदार प्रवाह येतो, अन् पश्चिमेचे वारे ती ऊब उचलून दारात आणून टाकतात. समुद्राचं अगदी आमच्या सासूबाईंसारखं हो, लवकर तापायचा नाही, पण एकदा तापला की लवकर निवायचाही नाही. विनिपेगच्या चहूकडे नुसती जमीन. ती उन्हाळ्यात भडकते आणि हिवाळ्यात गारठते, मधलं काही ठाऊकच नाही तिला. सैबेरियातल्या त्या वर्खोयान्स्कचं नाही का? १८९२ मध्ये उणे ६७.८, आणि २०२० च्या जूनमध्ये चक्क ३८! एकाच गावात शंभरावर अंशांचा फरक. कपाटात कपडे तरी कसे लावत असतील, देव जाणे…

बरं, थंडी झाली, आता उकाडा. आपल्याला वाटतं, विषुववृत्त म्हणजे भट्टी. भाच्याची बदली क्विटोला झाली, तेव्हा त्याच्या आईनं बॅगेत सगळे मलमलचे सदरे भरले. अहो, ते गाव विषुववृत्ताला लागूनच, पण २८०० मीटरवर! हजार मीटर वर गेलं की पारा साडेसहाएक अंशांनी उतरतो. पोरगा पहिल्या रात्री कुडकुडला आणि फोन आईलाच. ती बापडी गप्पच झाली. बरं, सिंगापूर तर समुद्रसपाटीलाच, तरी तिथला पारा अजून चाळिशीला शिवलेला नाही. ढग आणि पाऊस असतो ना नेहमीचा. विषुववृत्तावरची हवा वर चढते, पाणी तिथेच ओतते आणि कोरडी ठणठणीत होऊन पंचवीस-तीस अक्षांशांच्या पट्ट्यात खाली उतरते. म्हणून सहारा, अरबस्तान अशी मोठमोठी वाळवंटं तिथेच. ढगाचा टिपूस नाही, ऊन थेट डोक्यावर.

आणि त्या सहाराच्या कडेचं ते लिबियातलं अल अझिझिया… काय झालं, कळलंच असेल तुम्हाला! १३ सप्टेंबर १९२२ ला म्हणे ५८ अंश. जगातलं सगळ्यात गरम ठिकाण म्हणून तब्बल नव्वद वर्षं मिरवलं. मग जागतिक हवामान संघटनेनं चौकशी बसवली. समितीत लिबियाचाच एक अधिकारी होता बरं का. त्यात २०११ ची क्रांती झाली आणि कित्येक महिने त्या बिचाऱ्याचा पत्ताच नाही! शेवटी २०१२ मध्ये निकाल लागला. नोंद घेणारा माणूस नवखा होता आणि थर्मामीटरचं भलतंच टोक वाचलं असणार त्यानं. सात-एक अंश फुकटचे वाढले. मान काढून घेतला आणि दिला अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीला, १९१३ चे ५६.७. त्यावरही कुजबुज आहेच हो. आपल्या दिल्लीच्या मुंगेशपूरचं तरी काय झालं? २०२४ च्या मे महिन्यात ५२.९ म्हणून सगळ्या चॅनेलवर आरडाओरडा, आणि नंतर हवामान खातं म्हणतं, सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता!

बरं, हवामानाची उष्ण, समशीतोष्ण, ध्रुवीय अशी पाऱ्यावरून वाटणी केली कुणी, तर हवामानशास्त्रज्ञ कोपेनसाहेबांनी. जन्म पीटर्सबर्गचा, घर क्रिमियात. जाता-येता खिडकीतून झाडं बदलताना बघायचे. त्यावरूनच हद्दी आखल्या. सगळ्यात थंड महिन्याची सरासरीही १८ च्या खाली जात नाही, ते उष्ण कटिबंध. सगळ्यात उबदार महिनाही दहाला पोचत नाही, तिथे झाडच उभं राहत नाही, ते ध्रुवीय. पण मजा त्यात नाही, मजा जावयात आहे! जावई कोण, तर आल्फ्रेड वेगेनर. खंड सरकतात म्हणणारे तेच. कोपेननी आधी समजावलं होतं त्यांना, हे वेड सोड आणि आपलं हवामानशास्त्र बघ. जावई कसले ऐकतात! पुढे मुलगी दिली, आणि १९२४ मध्ये सासरे-जावई मिळून जुन्या काळच्या हवामानावर पुस्तकच काढून बसले. म्हणजे सासऱ्यांनी हद्दी आखल्या आणि जावयानं देशच त्या हद्दींतून हलवले.

खोटं वाटतंय? मग आपलं चंद्रपूर घ्या. तिकडच्या जुन्या खडकांवर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत. तीसएक कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिण ध्रुवाकडे होती ना, तेव्हाचे. मे महिन्यात मावशीकडे गेले होते, बाहेर पंचेचाळीस, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. मावशी कूलरच्या टाकीत बादली ओतता ओतता थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग त्या मेल्या हिमनदीनं जाताना थोडा बर्फ ठेवून जायला काय झालं होतं?"