डिस्कचे अव्वल कारकून

वडखळचा नाका मागे टाकून नागोठण्याकडे निघालेला मनुष्य गडबला सहसा थांबत नाही. परंतु ज्याचा संगणक बंद पडला आहे तो थांबतो, आणि थांबल्यावर त्यास नानांच्या पडवीत खुर्ची, चहा आणि उलटतपासणी या तिन्ही गोष्टी याच क्रमाने प्राप्त होतात. नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. संगणकाचे ज्ञान त्यांनी कोठे संपादन केले हे गावात कोणी विचारीत नाही, कारण विचारणाऱ्यास ते प्रथम "आपला या प्रकरणाशी संबंध काय?" असे विचारतात. नोकरी संपली तरी ज्याची चौकशी संपत नाही, असा एक गृहस्थ प्रत्येक तालुक्यात असतोच. पूर्वी अशी मंडळी लोकांच्या वारसनोंदींत आणि बांधांच्या तंट्यांत रमत. पुढे बांधांचे तंटे वकिलांनी नेले आणि नानांच्या वाट्याला हार्डडिस्क आली.

त्यांचे निदान हे निदान नसून रीतसर तपास असतो. यंत्र बिघडले ही फिर्याद आहे, निकाल नव्हे, असा त्यांचा सिद्धान्त, आणि मालकाने "डिस्क गेली हो!" असा टाहो फोडला, तरी पुराव्यावाचून डिस्कला मयत ठरविण्याचा अधिकार मालकास कोणत्या कलमाने दिला, हा त्यांचा प्रश्न असतो. लग्नसराईच्या ऐन भरात गावातला एक तरुण छायाचित्रकार संगणकाचे कॅबिनेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून पडवीत शिरला, तेव्हाचा प्रसंग मी समक्ष पाहिला आहे.

"नाना, अख्खी हळद हाय यात. पार्टी रोज फोन करते. कायतरी करा!"

"करू. आधी कैफियत सांग. मशीन पडलं होतं का? वीज गेली-आली तेव्हा चालू होतं का? आणि दुरुस्तीचा कुठला प्रोग्रॅम चालवलास का?"

यातला तिसरा प्रश्न नाना आवाज खाली आणून विचारतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम सोडणे म्हणजे पुराव्यात फेरफार करणे होय, असे त्यांचे मत आहे आणि ते सर्वस्वी खरे आहे. कारण असा प्रोग्रॅम फायलींची यादी सुसंगत करण्याच्या भरात अर्धवट वाचलेल्या नोंदी छाटून टाकतो, आणि शिवाय थकलेल्या यंत्राला अखेरपर्यंत पळवितो.

कैफियत झाली की संशयितांची चौकशी सुरू होते, आणि तीही सर्वांत गरीब संशयितापासून. प्रथम डेटा केबल काढून पुन्हा बसविणे, मग ती बदलणे, मग दुसरे पोर्ट, मग वीज पुरविणारी दुसरी वायर. एवढ्यानेही भागले नाही तर डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून बायॉसमध्ये तिचे नाव आणि क्षमता यथायोग्य दिसते की नाही याची रुजुवात. पन्नास-शंभर रुपयांच्या केबलीपायी निर्दोष डिस्कला भंगारात पाठविल्याची उदाहरणे त्यांच्यापाशी पुष्कळ असून ती ते चहा निवेपर्यंत सांगतात.

यानंतर येते ती जबानी. नाना सर्वांना गप्प बसवितात, पंखा बंद करवितात आणि चालू डिस्कजवळ कान नेतात. ठरावीक तालात टकटक असा आवाज आला, तर आतले वाचनशीर्ष आपली जागा न सापडल्याने मागे फिरून पुनःपुन्हा तीच धडपड करीत आहे असे समजावे आणि तत्क्षणी वीज तोडावी. त्यापुढचे काम धूळमुक्त खोलीत काम करणाऱ्या तज्ज्ञांचे, आणि त्यांचे बिल हळदीच्या बँडवाल्यापेक्षा मोठे. मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर हे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर अंतराने तरंगत असते. धुळीचा एखादा कण त्या अंतरापुढे पर्वतप्राय. आणि ज्या गावाने महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ वर्षानुवर्षे खाल्ली आहे, तेथे डिस्कचे झाकण उघडण्याची भाषा जो करील त्याला नाना पडवीच्या पायरीवरच थांबवितात.

शेजारच्या एका काकूंनी या वेळी सुचविले की डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी, त्यांच्या भाच्याने ठाण्यात तसे केले होते. नानांनी विचारले, "फ्रीजरमध्ये सध्या काय आहे?" काकू म्हणाल्या, "जिताडा." "मग जिताडाच राहू द्या. थंडगार डिस्क बाहेर काढली की या खाडीकाठच्या हवेत तिच्या अंगाला पाणी सुटतं, आणि मग ती कालवणाच्याही उपयोगाची राहत नाही."

सुदैवाने टकटक नव्हती. डिस्क आपल्या प्रकृतीची जी नोंद स्वतःच ठेवीत असते, ती स्मार्ट नावाची नोंदवही नानांनी उघडली, आणि तीत वाचता न आलेले, फैसला प्रलंबित असलेले असे सेक्टर बरेच निघाले. 'प्रलंबित' हा शब्द वाचताच त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पाहून त्यांनी खात्यात काढलेल्या वर्षांची मला कल्पना आली. त्यांनी निकाल दिला: आधी नक्कल, मग उपचार. नक्कल उतरविण्यास रिकामी डिस्क हवी. नानांनी कपाट उघडून लाल रुमालात बांधलेले एक दप्तर काढले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क, तीवर चिकटविलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर क्षमता, खरेदीची तारीख, शेवटच्या तपासणीची तारीख व नानांची आद्याक्षरे. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. याची कार्यपद्धती नानांस विशेष प्रिय आहे. तो सरळ बोलणारे साक्षीदार आधी उरकतो, अडखळणाऱ्यांची नोंद ठेवून पुढे जातो, आणि फितूर झालेल्यांकडे सर्वांत शेवटी वळतो. सकाळपर्यंत हळद परत आली. काही फोटो मात्र कायमचे गेले, आणि ते नेमके नवरदेवाच्या मामांचे.

येथवरचे नाना पाहून जो त्यांच्या पाया पडेल, त्याने नवी डिस्क घेण्याच्या प्रकरणात त्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. जो मनुष्य निदानात क्षणाचाही विलंब खपवून घेत नाही, तोच खरेदीत मात्र तारखांवर तारखा देतो. वास्तविक चक्रीय डिस्का बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या आज जगात तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. परंतु तिघांतही निवड करायची म्हणजे तिघांच्या सात पिढ्यांची माहिती काढणे नानांस आवश्यक वाटते. ते 1956 पासून आरंभ करतात. त्या वर्षी आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि अक्षरे मावत सुमारे पन्नास लाख. म्हणजे आजच्या हळदीचा एखादा फोटोही त्यात कष्टाने बसला असता. हे ऐकताना छायाचित्रकाराचा फोन सारखा वाजत होता.

मग थायलंडचा पूर. 2011 साली तेथील कारखाने पाण्याखाली जाऊन जगभर डिस्कांच्या किमती भडकल्या, आणि तेव्हापासून किंमत अजून उतरेल या आशेवर नाना प्रत्येक खरेदी पुढे ढकलतात. किमती केव्हाच उतरल्या, हे त्यांना सांगण्याची प्राज्ञा कोणाची?

त्यानंतर ते तांत्रिक बारकाव्यांत उतरतात. काही डिस्कांवर लेखनाचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढविलेले असतात. जागा वाचते, परंतु एक पट्टा बदलायचा तर शेजारचे कित्येक पुन्हा लिहावे लागतात, म्हणून रोजच्या कामास ती नको. एसएसडी घ्यावी, तर तीत फिरणारे काहीच नाही, वेग उत्तम, आपटली तरी सहसा निभावते. परंतु लेखनाची मर्यादा ठरलेली, वर्षानुवर्षे विजेवाचून पेटीत ठेवली तर मजकुराचा भरवसा नाही, आणि मरताना टकटक करून सूचना देण्याचे सौजन्यही तिच्यापाशी नाही. वॉरंटी तीन वर्षांची असो वा पाच वर्षांची, तीत डिस्क बदलून मिळते, मजकूर नव्हे. यातला शब्द न् शब्द खरा आहे; फक्त या सगळ्यातून कोणती डिस्क घ्यावी हे काही केल्या निष्पन्न होत नाही.

छायाचित्रकाराने एके दिवशी कंटाळून पेणला जाऊन कामासाठी एक एसएसडी व साठवणुकीसाठी एक टेराबाइटची साधी डिस्क घेतली आणि दोन्ही भीतभीत पडवीत आणून ठेवल्या. नानांनी साधी डिस्क जोडली. पडद्यावर आकडा उमटला 931. बिलावर 1,000! गुंठ्याचा फरक दिसला असता तरी एवढी खळबळ उडाली नसती. कंपनी दहाच्या पटीत मोजते, संगणक 1,024च्या, माल तितकाच असतो, हे नानांस अर्थातच ठाऊक आहे. तथापि मोजणीत तफावत निघाली आणि नानांनी शेरा मारला नाही, असे घडणे शक्य नव्हते. त्यांनी चिठ्ठीवर "तूट, कारणे नमूद" असे लिहून सही केली. मग त्यांनी छायाचित्रकारास बजावले की प्रती तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. हा नियम रूढ करणारा अमेरिकेतला पीटर क्रॉग हाही छायाचित्रकारच, तेव्हा व्यवसायबंधूचे तरी ऐक. तिसरी प्रत आता रोह्याला, पोराच्या बहिणीच्या घरी कपाटात आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या डिस्कमधून टकटक ऐकू आली, किंवा फाइल उघडायला ती नको तितका वेळ घेऊ लागली, तर यंत्र लगेच बंद करा, काहीही दुरुस्त करू नका, आणि सरळ गडबला नानांकडे या. नवी मात्र येण्यापूर्वीच पेणहून घेऊन या.