'सेल संपलाय' एवढं म्हणायला काय झालं होतं?

प्रति,
श्रीमान 'सीमॉस चेकसम एरर - डिफॉल्ट्स लोडेड' यांस,
मुक्काम काळा पडदा, सोसायटीचं कार्यालय, जिन्याखाली.

सा. न. वि. वि.

गेले चार महिने रोज सकाळी साडेनऊला आपली भेट होते आहे. मी कॉम्प्युटर चालू करतो, 'टुक' असा आवाज येतो, काळ्या पडद्यावर आपण प्रकट होता आणि खाली आज्ञा असते, 'प्रेस एफ१ टू कंटिन्यू'. मी दाबतो. इतका दाबला की त्या बटणावरचा 'एफ' पुसून गेला, नुसता '१' उरलाय. सोसायटीचा खजिनदार म्हणून इतकी आज्ञाधारक सेवा मी अध्यक्षांचीही केलेली नाही.

पण गेल्या रविवारी जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

आपण उगवलात की घड्याळ १ जानेवारी २०१०वर जातं. मी रोज विंडोजमध्ये शिरून तारीख हाताने सुधारतो. रविवारी विसरलो. पावतीवर आजची तारीख एक्सेल आपली आपण टाकतं. त्यामुळे अठ्ठेचाळीस सभासदांच्या मेंटेनन्सच्या पावत्या १ जानेवारी २०१० या शुभदिनी छापून, शिक्का मारून, माझ्या सहीनिशी, वॉचमनच्या हातून घरोघर पोचल्या. तासाभरात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली आले. म्हणाले, "खजिनदारसाहेब, २०१० साली इथे चिंचेचं झाड होतं. मी पैसे दिले कोणाला?" बी विंगमधल्या एका सभासदाने त्याच्याही पुढची मजल मारली: पैसे २०१०मध्ये भरलेत ना, मग तेव्हापासूनचं व्याज काढा. त्याच दुपारी बँकेची साइट उघडेना. साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि आमच्या घड्याळात ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नव्हतं. 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणत ब्राउझरने दारातूनच परत पाठवलं. जिन्यातल्या दिव्यांचं वीजबिल राहिलं, दंड बसला. तो मी खिशातून भरला. सभेत कोण बोलून घेणार?

आता आपल्या भाषेविषयी. 'चेकसम' हे काय प्रकरण आहे ते मी मुद्दाम समजून घेतलं. यंत्र बंद असतानाही तारीख, वेळ आणि सेटिंग्ज लक्षात राहाव्यात म्हणून आत एक इवलीशी स्मृती असते. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये ती घड्याळासकट अवघ्या ६४ बाइटची होती. तिला जिवंत ठेवतो नाण्याएवढा एक सेल. तिथल्या नोंदींची बेरीज करून तीही शेजारीच लिहून ठेवायची, सकाळी पुन्हा बेरीज करायची आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. अहो, याला आमच्यात ताळा म्हणतात! उभा जन्म मी ताळे जमवण्यात घालवला. 'ताळा जमत नाही, सेल बघा' एवढं म्हणाला असतात तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. ते सोडून आपण मला 'डिफॉल्ट्स लोडेड' ऐकवलंत. आणि ते डिफॉल्ट तरी कसले? त्यात फ्लॉपी ड्राइव्ह आहे असं धरलेलं, त्यामुळे खालच्या ओळीत 'फ्लॉपी डिस्क फेल' अशी आणखी एक बोंब. या यंत्राला फ्लॉपी कधी नव्हतीच. नसलेल्या अवयवाचं दुखणं सांगणारा रोगी मी पहिल्यांदा पाहिला.

आपल्या या अगम्य वाणीवर कोणाकोणाची पोटं भरली ते ऐका. एक जण आला, 'रॅम सैल झालीय' म्हणाला, काढून खोडरबराने घासून परत बसवली, दोनशे रुपये. दुसऱ्याने मान हलवून मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि नवीन यंत्राचं कोटेशन देऊन गेला. तिसऱ्याने 'व्हायरस आहे' म्हणत विंडोज फॉरमॅट केलं. सहाशे रुपये घेतले. डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये सहा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं होती, माझ्या दोन बोटांनी टाइप केलेली. गेली. आणि विंडोजचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता! विंडोज उठायच्या आधीच तुम्ही पडद्यावर असता, हे त्या शहाण्याला दिसत नव्हतं? दिसत होतं. सहाशे रुपये त्याहून स्पष्ट दिसत होते.

शेवटी पहिल्या मजल्यावरची नववीतली मुलगी पावती बदलून घ्यायला आली. पडदा बघून म्हणाली, "काका, सेल गेलाय. आजीच्या वजनकाट्यात असतो ना, तोच." मग तिने सेटअपमध्ये 'पीसी हेल्थ' नावाचं पान उघडून दाखवलं. तिथे सेलचे व्होल्ट चक्क छापलेले होते. असायला हवेत ३. होते २.१.

म्हणजे तुला ठाऊक होतं!

आता अहोजाहो पुरे. चार महिने आकडा तुझ्या दप्तरात होता आणि तू मला ताळ्याच्या गोष्टी सांगत होतास. तुझ्याच खानदानात 'सीमॉस बॅटरी फेल्ड' असं सरळ तोंडावर सांगणारा संदेश आहे. तो तुला आठवला नाही? चाळीस रुपयांचा सेल होता रे! सीआर २०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे काचेखाली ओळीने मांडून ठेवलेले असतात.

प्लग काढून कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गोधडी आणि पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. मुलीने नखाने बारीकशी क्लिप बाजूला केली, तसा सेल टपकन वर आला. तळहातावर घेतला तर वजनच लागेना.

"असा कसा संपला?" मी विचारलं. ती म्हणाली, भिंतीवरचं बटण चालू असलं की यंत्र बंद असतानाही आत थोडी वीज येत राहते, घड्याळ तिच्यावर चालतं, सेलला आराम मिळतो. बटण बंद केलंत की सगळा भार एकट्या सेलवर. मी वर पाहिलं. दारामागे माझ्याच अक्षरात, लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेली पाटी: 'कार्यालय बंद करताना मेन स्विच न चुकता बंद करावा. - खजिनदार'. वीज वाचवण्यासाठी. रोज संध्याकाळी सातपासून सकाळी साडेनऊपर्यंत, रविवारच्या दुपारी आणि मे महिन्याची माझी सगळी गावची सुट्टी, हा एवढासा जीव एकटा वेळ मोजत बसला होता. आणि तो दमला तेव्हा निदान तू रोज हाक तरी मारलीस. वेडीवाकडी का होईना. मी एफ१ दाबून पुढे गेलो.

तेव्हा बरंच काही मागे घेतो. भाषेबद्दलचं घेत नाही.

कळावे. लोभ इथेच संपावा, ही विनंती.

आपला,
खजिनदार

ता. क. नवा सेल घालूनही तू एकदा उगवलासच. माझा हात स्टूलकडे गेला होता. सेटअपमध्ये जाऊन तारीख घातली, फ्लॉपीच्या जागी 'नन' केलं, एफ१०ने सेव्ह केलं, त्यानंतर गेलास. दारामागची पाटी काढली आहे. १ जानेवारी २०१० तारखेच्या पावत्या ज्या सभासदांकडे असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत बदलून न्याव्यात. व्याज मिळणार नाही.