दळण कुठे टाकायचं, साहेब?

मा. विकासक महोदय,
स. न. वि. वि.

घोडबंदर रोडवर आपण उभारलेल्या नगरीत आम्ही सुखात आहोत, हे प्रथम कळवतो. सत्ताविसाव्या मजल्यावरून एका बाजूला येऊरचं जंगल दिसतं, दुसऱ्या बाजूला खाडी आणि वाकून पाहिलं तर खाली आपली ‘हाय स्ट्रीट’. ‘रोजच्या गरजेचं सगळं दारात’ असं माहितीपत्रकात छापलं होतं. त्याचेच आभार मानायला हे पत्र.

आमच्या गरजा आपण आमच्याआधी ओळखल्यात. दारात आज चार इस्टेट एजंट, तीन सलून, दोन दातांचे दवाखाने, कुत्र्यांना आंघोळ घालणारं एक दुकान आणि एक कॅफे आहे. त्या कॅफेतल्या एका कॉफीत शेजारच्या वाघबीळ गावात चौघांचा वडापाव होतो, वर चहा. म्हणजे घर विकायचं, केस कापायचे, दात काढायचे आणि कुत्रा धुवायचा असेल, तर माणसाला गेटबाहेर पाऊल टाकायला नको. दळण टाकायचं, चपलेचा अंगठा शिवायचा, पँटची चेन बदलायची किंवा कोथिंबिरीची एक जुडी आणायची असेल, तर मात्र बेसमेंटमधून गाडी काढून गावठाणात जावं लागतं. तिथे गाडी लावायला जागा नसते, म्हणून आम्ही गावालाच नावं ठेवतो.

चौकशीअंती कळलं की यात आपला दोष नाही, दोष गणिताचा आहे. किलोमागे चार रुपये सुटणारा चक्कीवाला आपलं चौरस फुटाचं भाडं देणार कुठून? एजंटाला एका फ्लॅटची दलाली मिळाली की महिने निघतात. एजंट वाढले की फ्लॅटचे भाव चढतात, भाव चढले की गाळ्याचं भाडं चढतं, आणि ते भाडं परवडणारा पुन्हा एजंटच असतो. बांधकाम नियमावली निवासी भागात तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीला हरकत घेत नाही, मोटरच्या ताकदीसारख्या अटी तेवढ्या घालते. सरकारने दिलेली परवानगी भाड्याने काढून घेता येते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मासळीवाल्या मावशींचाही आपण उत्तम बंदोबस्त केलात. टोपलीला वास येतो म्हणून त्यांना गेटवर थांबवलं. तेच बोंबील आता हवाबंद पिशवीतून मोटरसायकलने येतात आणि सर्व्हिस लिफ्टने वर चढतात. पिशवीच्या जागी मावशी असत्या तर ‘आज सुरमई नको घेऊस गो, कालची आहे’ असं सांगून स्वतःचंच नुकसान करून घेतलं असतं. धंद्याची ही असली रीत आपल्या नगरीत शोभली नसतीच.

2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो की लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या. आपल्या पाच-सहा हजार रहिवाशांमागे सव्वाशे-दीडशे हातगाड्या! सुदैवाने आपल्या नगरीला गेट असल्यामुळे तो कायदा गेटबाहेरच चपला काढून बसतो. तिथेच, नाल्याच्या कठड्याला टेकून, भाजीचा टेम्पोही उभा असतो. संध्याकाळी त्याच्याभोवती जेवढी माणसं जमतात, तेवढी आपल्या क्लबहाऊसने दिवाळी पहाटेलाही पाहिली नसतील.

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. सामायिक संडासापुढे बादली घेऊन उभं राहण्यात कसलाही शेजारधर्म नसतो. पण ओळख व्हायला निमित्त लागतं, आणि ते पाच-दहा रुपयांचं असलं तर रोज घडतं. क्लबहाऊसमध्ये ओळख करून घ्यायची तर आधी हॉल बुक करा, अनामत भरा आणि रात्री दहाला आवरा. चक्कीपाशी नुसता डबा ठेवला तरी पुढचा नंबर कुणाचा, यावरून बोलणं निघतं.

लोक मात्र भारी चिवट, साहेब. फ्लॅट नंबर 1904 मध्ये डोशाचं पीठ मिळतं, 802 मध्ये फॉल-पिको होतो, 2203 मध्ये गुरुवारपर्यंत सांगितलं तर शनिवारी पुरणपोळ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताई, अर्धा किलो ठेवा’ असं लिहायचं आणि लिफ्टमध्ये डबा घ्यायचा. फ्लॅट फक्त राहण्यासाठी, अशी नोटीस कमिटीने लावली आहे. नोटिशीवर सही करणाऱ्या सेक्रेटरींच्या घरी पुरणपोळ्या कुठून येतात, हे सगळ्या विंगला माहीत आहे. पीठवाल्या ताईंचं नाव कुणाला माहीत नाही, त्या ‘1904वाल्या ताई’ म्हणूनच ओळखल्या जातात. पण परवा त्यांच्या सासूबाई पडल्या तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत वर धावून गेले ते सगळे डोशाच्या पिठाचे गिऱ्हाईक. क्लबहाऊसची वार्षिक वर्गणी भरणाऱ्या आम्ही नोटिफिकेशन वाचून प्रार्थनेचे हात पाठवले.

कळावे, लोभ असावा,
आपला,
सी टॉवर, सत्ताविसावा मजला

ता. क. – क्लबहाऊसशेजारचा काचेचा गाळा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून रिकामा आहे. ‘प्रीमियम ब्रँडसाठी राखीव’ हा फलकही उन्हाने उडाला. वाघबीळचा चक्कीवाला परवडेल त्या भाड्याने यायला तयार आहे. आवाजाची काळजी नको. आपल्या जनरेटरची चाचणी सुरू असते त्या वेळातच तो दळून देईल.