काटकोनी संसार

खुब्याचं हाड मोडायचंच होतं तर कारण तरी जरा भारदस्त हवं होतं. भेटायला येणारा माणूस शहाळं घेऊन, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे दोन मजले चढून आलेला असतो. त्याची काही अपेक्षा असते. स्कूटर घसरली, लोकलमधून उतरताना कोणी ढकललं, गेलाबाजार गच्चीतल्या शेवाळावरून पाय सटकला, असं काहीतरी त्याला हवं असतं. "स्वयंपाकघराच्या दारातल्या पायपुसण्यात पाय अडकला," म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. मग भरपाई म्हणून तो स्वतःकडची गोष्ट काढतो. डोंबिवलीत प्रत्येक कुटुंबाला एक आतेसासू असते, ती अशीच पडलेली असते आणि त्यानंतर ती कधीच उठलेली नसते. ही गोष्ट माझ्या उशाशी बसून, आमच्याच घरचा चहा पीत, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत सांगितली जाते. वर "हिंमत सोडू नका" हे असतंच.

मोडली होती ती मांडीच्या हाडाची मान. या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याला रक्त मिळतं ते बहुतांशी या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. मान मोडून सरकली की पुरवठा तुटतो. माझ्या वयाचं हाड सांधतंय का याची वाट बघण्यापेक्षा सांधाच बदललेला बरा, असं सर्जन म्हणाले आणि नमुना घेऊन खाटेपाशी आले. धातूचा दांडा, प्लॅस्टिकची वाटी आणि सिरॅमिकचा चक्क गुलाबी गोळा. "गुलाबी का?" असं मी विचारलं. आमच्या ह्यांनी किंमत विचारली.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन मला उभं केलं. पुढे हाडांची घनता मोजली. निरोगी तरुण माणसाची सरासरी शून्य धरून तिथे गुण देतात; उणे अडीच किंवा त्याखाली गेलात की ऑस्टिओपोरोसिस. जन्मभर गणित शिकवून आयुष्यात पहिल्यांदा उणे गुण मिळाले, तेही पालकांच्या नव्हे, मुलीच्या सहीने.

घरी सोडताना तीन गोष्टी बजावल्या. पायावर पाय टाकायचा नाही. ऑपरेशनच्या पायाचं पाऊल आत वळवायचं नाही. आणि कमरेत नव्वद अंशांच्या पुढे वाकायचं नाही, कारण सांधा मागच्या बाजूने उघडला होता आणि तिथलं सगळं भरून येईपर्यंत गोळा मागे निसटायची भीती असते. मी म्हटलं, "डॉक्टर, माणूस वाकतो तेव्हा पोट आणि मांडी यांच्यातला कोन लहान होतो. म्हणजे नव्वदच्या पुढे नव्हे, नव्वदच्या आत." ते म्हणाले, "आम्ही सरळ पाय शून्य धरतो." हे मला अजून पटलेलं नाही. पण ज्याच्या हातात आपला गोळा आहे, त्याच्याशी शून्य कुठून धरायचं यावरून वाद घालू नये.

घरी आले आणि लक्षात आलं, की मराठी घर मुळात लघुकोनात बसणाऱ्या माणसांसाठी बांधलेलं असतं. चपला जमिनीवर. तांदळाचा डबा ओट्याखाली, सिलिंडरची कळ त्याच्याही मागे. देव पाटावर बसून पुजायचे. आंघोळीची बादली जमिनीवर आणि तांब्या बादलीच्या तळाशी. मोबाइल चार्ज करायचा तर प्लग कॉटच्या मागे, घुशीला सोयीचा पडेल अशा उंचीवर. खुर्चीची बैठक गुडघ्यापेक्षा उंच हवी असं फिजिओने सांगितल्यावर ह्यांनी सुताराकडून ठोकळे आणले आणि कॉट, खुर्ची, सगळ्यांच्या पायांखाली सरकवले. कमोडवर प्लॅस्टिकचं उंच आसन बसलं. मी घरात सगळीकडे वरच्या पातळीवरून बोलू लागले. ह्यांचं म्हणणं, त्यात नवीन काही नाही.

पडल्या पडल्या मोबाइलवर मी आपल्या नव्या सांध्याचं कुळ-मूळ शोधलं. इंग्लंडात राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्न्ली नावाचे सर्जन होते. त्यांच्याकडे एक पेशंट आला. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी काढलेला ॲक्रिलिकचा गोळा त्याला बसवलेला होता आणि तो हलला की कर्रकर्र वाजायचा; इतका, की बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची. चार्न्लींनी ते मनावर घेतलं आणि घर्षणाच्या मागे लागले. आधी टेफ्लॉनची वाटी करून पाहिली, ती थोड्याच वर्षांत झिजली. मग १९६२ साली दुसरं, जास्त चिवट प्लॅस्टिक सापडलं. अंगात ते काय करतं हे बघायला त्यांनी दोन्हींचे नमुने स्वतःच्याच मांडीत घालून घेतले होते. मी हे सगळं भक्तिभावाने वाचून दाखवलं. ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "तुझा वाजतो का?" मी म्हटलं, "नाही. या घरात कुरकुर करायचं काम दुसऱ्याकडे आहे."

चालणं परत येणं तसं सोपं होतं. वॉकर पुढे, दुखरा पाय पुढे, मग दुसरा; फिजिओची मुलगी "व्हेरी गुड काकू" म्हणत मागून यायची आणि मी, जिने आयुष्यभर वह्यांवर शेरे मारले, त्या व्हेरी गुडची वाट बघायचे. अवघड होतं ते घरच्यांच्या प्रेमातून सुटणं. खुब्यासाठी व्यायाम असतात, प्रेमासाठी फिजिओथेरपी नाही.

आंघोळीचंच बघा. स्टुलावर बादली, खुर्चीवर मी, भिंतीला नवा दांडा, पाठीला लांब दांड्याचा ब्रश. सगळी व्यवस्था चोख. पण दाराबाहेर हे उभे. पाण्याचा आवाज थांबला की "झालं का?", आणि लगेच उत्तर आलं नाही की "अगं, बोल ना!" साबण डोळ्यांत गेलेला असताना माणूस बोलत नाही हे त्यांना पटेना. शेवटी तह झाला: मी आत जिवंत आहे याचा पुरावा म्हणून सतत काहीतरी म्हणत राहायचं. गाणं मला येत नाही. मी पाढे म्हणायला लागले. एकोणतीस संपले की पावकी, निमकी, अडीचकी, औटकी. शेजारच्या वहिनींनी एकदा थांबवून सांगितलं, की डक्टमधून ऐकून ऐकून त्यांच्या नातवाची अडीचकी पाठ झाली आहे आणि शाळेत ती कोणी विचारतच नाही.

खरी लढाई चहाची. सकाळचा चहा आमच्याकडे मी करते. मी खाटेवर असताना हे राज्य ह्यांच्या हाती गेलं होतं आणि ह्यांची नोकरी बँकेत झालेली. परत आले तर प्रत्येक डब्याला चिठ्ठी: नाव आणि आणल्याची तारीख. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची जागा बदललेली, का, तर "मोहरी जास्त लागते, ती दाराच्या बाजूला." चहाचं पाणी मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर आलेलं माप. मी काही बोलले नाही. वॉकर ओट्याला टेकवला, आलं किसलं, गवती चहाची दोन पाती कात्रीने कापून टाकली, दूध वर येताना गॅस बारीक केला आणि कपात गाळला. माझा चहा. रंग तोच, वास तोच. कप उचलला, आणि तशीच उभी राहिले.

वॉकर धरायला दोन हात लागतात. कप धरायला एक. जन्मभर शिकवलेल्या बेरजेचं हे उत्तर मी चहा होईपर्यंत काढलं नव्हतं. चहा करता येत होता, नेता येत नव्हता. हॉलमध्ये खुर्ची दिसत होती, पंखा दिसत होता, पेपर दिसत होता. हाक मारायची नाही असं ठरवलेलं. शेवटी ओट्याशी उभ्यानेच प्यायले. फोडणीच्या तेलाचे डाग न्याहाळत चहा पिण्यात मजा नसते हे त्या दिवशी कळलं. पुढे युक्ती सुचली. शाळेत न्यायची ती जुनी शबनम वॉकरला अडकवली. चहा थर्मासात, थर्मास पिशवीत, रिकामा कप पिशवीत, दोन मारी बिस्किटं रुमालात बांधून पिशवीत. अशी वरात काढून मी हॉलमध्ये पोचायचे, वाकावं लागू नये म्हणून पिशवी मांडीवर घ्यायचे आणि स्वतःलाच चहा वाढायचे. हे समोर बसून माझ्याकडे बघायचे. "मला?" अशी विचारणा झाल्यावर मी म्हणायचे, "तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत."

याच सुमारास बंगळुरूहून मुलगी येऊन गेली आणि जाताना हॉलमध्ये कॅमेरा बसवून गेली. "फक्त काळजीपोटी गं आई." या कॅमेऱ्यातून बोलताही येतं हे आधी सांगितलं नव्हतं. पेपर खाली पडला, मी जरा कललेच होते, तोच छतातून आकाशवाणी झाली: "आई, नव्वद!" भेटायला आलेल्या एका मावशींनी हात जोडले. मग मी हॉलची भूमिती मांडली. कॅमेरा कुठे, त्याचा कोन किती, कपाटाची सावली कुठवर. हिशेब करून एक त्रिकोण शोधला, जिथे मी दिसत नव्हते. वाकायला नव्हे हो. वाकायचे नाहीच मी, उचलायला तिनेच पाठवलेला लांब चिमटा होता. त्या चिमट्याने रिमोट, रुमाल, गळून पडलेला पडद्याचा हूक, सगळं येतं. दुपारी घोरणाऱ्या माणसाला दुरून हलवताही येतं. पण पडलेली वस्तू पाचव्या खेपेला चिमट्यातून निसटली की तोंडातून जे निघतं, ते मुलीच्या कानावर जाऊ नये एवढीच त्या त्रिकोणामागची इच्छा.

कपड्यांचेही नियम असतात. ऑपरेशनचा पाय आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, कारण तो वाकत नाही. परकर मात्र डोक्यावरून. गाऊनला कंटाळून एका लग्नासाठी साडी नेसायचं ठरवलं. पदर झाला, निऱ्या झाल्या, पण खालून त्या ओढून सारख्या कोण करणार? आमचे हे उकिडवे बसले, चष्मा नाकावर ओढला आणि पासबुकात नोंदी जुळवाव्यात तशा एकेक निरी जुळवत बसले. उठताना मात्र त्यांचे गुडघे असे वाजले, की मला चार्न्लींचा पेशंट आठवला.

वॉकर जाऊन काठी आली आणि मी जिन्यावर गेले. चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन मजल्यांत हे तोंडपाठ होतं. अडचण रस्त्यावर होती. पाय उजवा, काठी डाव्या हातात. फडके रोडवर गणेश मंदिरापर्यंत जाईतो हटकून कोणीतरी थांबवायचं: "काकू, काठी चुकीच्या हातात धरलीय." रिक्षावाले, फुलवाल्या, अनोळखी आजोबा. समाज माझ्या काठीबाबत कमालीचा जागरूक होता. आता खरं गणित असं: एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, कारण कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून तिथले स्नायू जोराने ओढून धरतात. काठी पलीकडच्या हातात, म्हणजे खुब्यापासून लांब असली, की जराशा दाबानेही त्या स्नायूंचं काम हलकं होतं. साधी तरफ आहे. भाजीवाल्याने हटकलं तेव्हा मी त्याला त्याच्या वडिलांच्या जुन्या तराजूची आठवण देऊन सगळं समजावलं. त्याला चटकन कळलं. म्हणाला, "म्हणजे दांडी मारायची, मॅडम!" इतका हुशार विद्यार्थी मला शाळेत मिळाला नव्हता.

खाली मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं कायमचं टाळा, असं सर्जननी शेवटच्या तपासणीत सांगितलं, बाकी मोकळी. मोकळी म्हटल्यावर मी बंगळुरूचं तिकीट काढायला लावलं. मुलीने मला न विचारता विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मुंबईला उतरल्यावर एक मुलगा खुर्ची घेऊन हजर. मी मानाने नकार दिला आणि काठी टेकत निघाले. तो रिकामी खुर्ची ढकलत शेजारून चालू लागला. "आजी, बसा ना. माझी ड्युटी आहे." त्याचं मन राखायला मी खुर्चीत पर्स ठेवली. अशी आमची पर्स मोठ्या थाटात तपासणीपर्यंत आली.

तिथे रांग दिसली. वळसे घेत, दोऱ्यांमधून, नजर पोचेपर्यंत. पलीकडे व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळी वाट, तिथे कोणीच नाही. मी पर्स उचलली आणि बसले. धातुशोधक यंत्राने माझ्या खुब्यावर टूं केलं, तेव्हा तपासणाऱ्या बाईंना "अंदर नया गोला है" असं सांगतानाही मी बसूनच होते. त्यांनी कागद बघितले, हसल्या आणि सोडलं. बाहेर आल्यावर बघते तर आमचे हे, मघापर्यंत दोन बॅगा घेऊन तरातरा चालणारे, माझी काठी मागतायत. "तू तर बसलीच आहेस. परत येताना मलाही एक खुर्ची मिळते का बघतो." काठी घेऊन त्यांनी दोन पावलं लंगडूनही दाखवलं, एकदा या बाजूला, एकदा त्या.

मी म्हटलं, "अहो, आधी कुठला पाय दुखतोय ते ठरवा. मग काठी कुठल्या हातात धरायची ते मी सांगते."