पट्टी कुठली, हे आधी विचारा

गेल्या महिन्यात पुण्यात एका ‘फ्युजन’ कार्यक्रमाला गेलो होतो. गिटारवादक परदेशी, जॅझमधला तयार माणूस. गायिका आपली, पॉपमधली, गळा उत्तम. पहिलं गाणं सुरू होण्याआधी त्याने तिला मंचावरच विचारलं, पट्टी कुठली? माइक चालू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

तिकीट बाराशे रुपये होतं.

पुढचे दोन तास काय झालं? त्याने कॉर्ड धरले, तिने वरून आलाप घेतले. तो थांबला की ती गायची, ती थांबली की तो वाजवायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून जोरदार तिहाई घेतली, समेवर दिवे लखलखले, लोक उभे राहिले. दोघंही आपापल्या घरीच बसले होते. अंगण तेवढं एक होतं.

आणि निवेदक सांगत होता, संगीताला सीमा नसतात.

असतात हो. चांगल्या भक्कम असतात. जॅझमध्ये कॉर्ड बदलला की पायाखालची जमीन सरकते, तेच तर त्याचं सौंदर्य. आपल्याकडे षड्ज जागचा हलत नाही. गायिका कोमल गंधारावर ठेहराव घेते आहे आणि खालून गिटार शुद्ध गंधाराचा कॉर्ड वाजवते आहे, हे त्या संध्याकाळी तीनदा झालं. दातांखाली खडा यावा तसं. सीमा नाहीत म्हणून हे मिटत नाही. सीमा कुठे आहे ते ठाऊक असलं, तरच ती ओलांडता येते.

मग हे कधी जमतच नाही का?

जमतं. आपल्याकडेच जमलेलं आहे. डिसेंबर २००० मध्ये जॉन मॅकलॉफलिन मुंबईत वाजवायला आला आणि ‘रिमेंबर शक्ती’ या त्याच्या चमूच्या मैफिलींत शंकर महादेवन गायला. पुढच्या वर्षी त्या मैफिलींचा अल्बम निघाला, ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. एक यॉर्कशायरमध्ये जन्मलेला जॅझ गिटारवादक, दुसरा चेंबूरचा, १९९८ च्या ‘ब्रेथलेस’मुळे घराघरात पोचलेला पॉप गायक. कागदावर हे नेमकं पुण्यातल्या त्या कार्यक्रमासारखंच दिसतं.

फरक मंचावर दिसत नाही. तो वीस-पंचवीस वर्षं मागे आहे.

मॅकलॉफलिन १९६९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बममध्ये वाजवत होता. १९७१ मध्ये त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. विजेची गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज, तुफान नाव. एवढं झाल्यावर माणूस काय करतो? हा अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला बसला.

वीणा वाजवून दाखवण्यासाठी नव्हे. गिटार सुधारण्यासाठी.

कारण अडचण गिटारमध्येच होती. तिच्यावर पडदे ठोकून बसवलेले. दोन सुरांच्या मधली जागा, जिथे आपली मींड आणि गमक राहतात, ती तिथे फारशी मिळत नाही. मग गिब्सन कंपनीतल्या अब्राहम वेक्टरने त्याच्यासाठी वेगळी गिटार घडवली. पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं, म्हणजे तार खोल दाबता येते, ओढता येते, सूर वळतो. मुख्य तारांच्या खालून तिरक्या सात तारा, छेडल्या की षड्ज-पंचमाचा आधार देणाऱ्या. ती गिटार घेऊन तो मांडी घालून तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम् वाजवणाऱ्या विनायकराम यांच्या शेजारी बसला. हीच ‘शक्ती’. तिचा पहिला अल्बम १९७५ च्या मैफिलीचा, तो १९७६ मध्ये आला.

त्यात कॉर्डची गर्दी शोधून पाहा. सापडत नाही. जॅझवाल्याचं सगळ्यात मोठं भांडवल त्याने बहुतेक वेळ खिशातच ठेवलं आणि एकेरी सुरावटीवर भागवलं.

पाहुण्याने एवढं सोडलं, तर यजमानाने काय आणलं?

इथे शंकर महादेवनची गोष्ट नीट वाचायला हवी. आपल्याला त्याचा श्वास आठवतो, ‘दिल चाहता है’ आठवतो. पण लहानपणी तो वीणा वाजवत असे. भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांच्या ‘राम श्याम गुणगान’मध्ये त्याची वीणा आहे, संगीतकार आपले श्रीनिवास खळे. खळेकाकांकडे तो पुढे शिकलाही. मराठी भावगीताच्या त्या शाळेत शब्द कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा, हे वर्षानुवर्षं घोटून घेतलं जातं.

म्हणजे मुंबईच्या त्या मंचावर इंग्लिश गिटारवाला आणि पॉप गायक समोरासमोर आले, तेव्हा दोघांच्याही हातांना वीणा माहीत होती. हा योगायोग नाही. ही पूर्वतयारी आहे.

मॅकलॉफलिन तिथेही थांबला नाही. दक्षिणेतली कोन्नकोल, म्हणजे तोंडाने ताल बोलण्याची विद्या, तो शिकला आणि तालवादक सेल्वागणेशबरोबर तिच्या धड्यांची डीव्हीडी काढली. ब्रिटिश जॅझवाला पाश्चात्त्य वादकांना ‘तकधिमि’ शिकवतो आहे. आपल्याकडे किती फ्युजनवाले ही डीव्हीडी उघडून बसले असतील?

बाहेरचंच उदाहरण हवं, तर पोलंड घ्या. पॅट मेथिनी हा अमेरिकन जॅझ गिटारवादक, जगभर गाजलेला. आना मारिया योपेक ही पोलिश गायिका, १९९७ मध्ये युरोव्हिजनला देशातर्फे उभी राहिलेली. २००२ मध्ये दोघांचा ‘उपोयेन्ये’ आला. मेथिनीच्या मुळात शब्दच नसलेल्या धुनांना पोलिश शब्द मिळाले. इंग्रजीत गा म्हणजे जग ऐकेल, असं तो सहज म्हणू शकला असता. गाणी पोलिशमध्येच राहिली, आणि पोलंडबाहेरच्या बाजारात तो अल्बम २००८ मध्ये पोचला.

सहा वर्षं उशीर झाला. गाणं मात्र तिचंच राहिलं.

आपल्याला हे अगदीच नवीन आहे, असंही नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये जॅझचा झणका आणला, तो चिक चॉकलेटसारख्या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला सोबत घेऊन. मुंबईच्या स्टुडिओत गोवेकर वादक नोटेशन लिहायचे, मराठी आणि पंजाबी संगीतकार पेटीवर चाल सांगायचे, आणि हे रोज चालायचं. फ्युजन हा शब्द कुणी वापरत नव्हतं. काम चालू होतं. या गोवेकरांची नावं मात्र श्रेयनामावलीत शोधावी लागतात, आणि हा अन्याय अजून दूर झालेला नाही.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला, एकत्र बसायला वेळ कुणाला आहे? ट्रॅक पाठवायचा, वर गाऊन परत पाठवायचा. ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम तरी वेगळा कसा झाला? कोविडच्या काळात एकमेकांपासून लांब राहून, ध्वनिमुद्रणं इकडून तिकडे धाडतच तो घडला ना?

घडला. पण त्याआधी मॅकलॉफलिन आणि शंकर महादेवन वीस वर्षं शेजारी बसून वाजवत-गात आले होते. झाकीरभाई आणि मॅकलॉफलिन तर पन्नासच्या आसपास. समोरचा कुठे श्वास घेणार हे ठाऊक असेल, तर तो दुसऱ्या खंडात बसला तरी चालतो. ठाऊक नसेल, तर तो हाताच्या अंतरावर बसूनही उपयोग नाही.

४ फेब्रुवारी २०२४ ला ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळालं. आपण आनंद केला, करायलाच हवा होता. फक्त तो आनंद ‘भारताचा झेंडा’ एवढ्यावरच का थांबला, हे मला कळलेलं नाही. पाच जणांच्या त्या चमूत नुकताच ८२ वर्षांचा झालेला एक इंग्रज होता, ज्याने अर्धं आयुष्य आपलं संगीत शिकण्यात घातलं. त्याच्याकडून शिकण्यासारखं झेंड्यापेक्षा मोठं होतं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले.

मी कलाकारांना दोष देत नाही. पुण्यातल्या त्या दोघांना पंधरा दिवस आणि एक खोली मिळाली असती, तर त्यांनी काहीतरी खरं करून दाखवलं असतं. शेवटच्या दहा मिनिटांत ती गिटारचं ऐकून गायला लागली होती आणि त्याने कॉर्ड सोडून नुसता षड्ज धरला होता. तेव्हा अंगावर काटा आला. मग तिहाई सुरू झाली. आयोजकांनी हॉल, दिवे, धूर आणि फलक यांवर पैसे घातले. तालमीवर घातले नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी आयोजकाला फोन करा आणि एवढंच विचारा, दोघं किती दिवस एकत्र बसले? ‘साउंडचेकला भेटतील’ असं उत्तर आलं, तर तेच पैसे घेऊन एखाद्या वीणेच्या मैफिलीला जा. तिकडे पुढच्या रांगेत जागा सहज मिळते.